मदत हवी आहे: नवरा माझं व्हॉट्सअ‍ॅप वाचतो, कसं बोलू?

लग्नाला दीड वर्ष झालं. दोघंही हिंजवडीत नोकरीला. माझी सेकंड शिफ्ट होती तेव्हा कॅब रात्री साडेबाराला वारज्यात सोडायची, म्हणून गूगल मॅप्सवर लोकेशन मीच शेअर केलं, तेही 'बंद करेपर्यंत'. कुणीतरी जागं आहे याचा आधार वाटायचा. शिफ्ट बदलून सात महिने झाले, लोकेशन चालूच आहे. आता "चांदणी चौकात वीस मिनिटं काय करत होतीस?" असं विचारतो. चिडून नाही, सहज. पण मी घरी येतानाच उत्तर जुळवून ठेवायला लागलेय.

खरा घोळ पुढेच आहे. परवा जेवताना त्यानं मामेबहिणीचा विषय काढला. तिसऱ्या महिन्यात तिचं बाळ गेलं, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. तिच्या सासरीही माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधलं लिंक्ड डिव्हायसेस (आपलं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे जोडलंय ती यादी) उघडून पाहिलं तर त्याचा लॅपटॉप. प्रिंट काढायला मीच कधीतरी जोडला होता.

तो म्हणतो, "नवरा-बायकोत लपवायचं काय? माझा फोन घे." पासवर्डही दिलाय. मला नकोय तो! माझं लपवण्यासारखं काही नाही, पण बहिणीचं दुःख मी परस्पर कसं वाटून टाकू? एवढं म्हटलं की "तुझा माझ्यावर विश्वास नाही" सुरू होतं. आधी लॉगआउट करू की आधी बोलू? बहिणीला सांगू का? माणूस वाईट नाही, म्हणूनच अडकलेय.

प्रतिसाद १:
ताई, त्याची भीती वाटते का? वाटत असेल तर काहीही बंद करण्याआधी माहेरी सांगून ठेवा, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. अचानक बंद केलं की काही माणसं बिथरतात. भीती नसेल तर आधी बोला आणि त्याच्यासमोरच लॉगआउट करा. उशीर होईल त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पाठवा, 1 तास किंवा 8 तासांनी आपोआप बंद होतं.

प्रतिसाद २:
मी तो वाचणारा नवरा होतो. बायकोनं एवढंच विचारलं, "तुझ्या मित्रानं तुला कर्जाचं सांगितलं, ते मी त्याच्या बायकोला सांगू?" पोटात गोळा आला. त्याच रात्री मी स्वतः लॉगआउट केलं.

धागाकर्ती:
भीती नाही वाटत. शनिवारी दोघंही घरी आहोत, तेव्हा बोलते. बहिणीला मात्र आजच सांगते. मेसेज नाही, फोनच करते.