मदत हवी आहे: लिमिटमध्ये ३ टाकायचा नाही म्हणतात, मग शेवटी ३च कसा टाकतात?

संत्रानगरी११
अकरावी सायन्स, नागपूर. गणित असं: क्ष → ३, म्हणजे क्ष ३ च्या जवळ जवळ नेला, की (क्ष² − ९)/(क्ष − ३) कुठल्या किमतीकडे जातं, ते लिमिट काढायचं. वरखालचा (क्ष − ३) कापायला क्ष ≠ ३ लागतं. कापून क्ष + ३ उरलं की लगेच ३ टाकून ६ लिहितात. मग ३ चालतो की नाही? आणि कॅल्क्युलेटरवर ३ पासून ०.१, ०.०१, ०.००१ अंतरावरच्या किमती टाकून लिमिट ताडून पाहिलं तर चालेल का? सोमवारी युनिट टेस्ट आहे.

बर्डीकर
शंका बरोबर आहे, गाईडं ही पायरी गिळून टाकतात. मूळ फंक्शन आणि क्ष + ३ ही दोन वेगळी फंक्शनं आहेत. ३ सोडून बाकी सगळीकडे त्यांच्या किमती सारख्या. लिमिट ३ च्या आजूबाजूला पाहतं, ३ वर पाहतच नाही, म्हणून दोघांचं लिमिट एकच. झिरो माईलच्या दगडापाशी खोदून ठेवलं तरी बर्डीकडून आणि विधानभवनाकडून येणारा रस्ता कुठे मिळतो ते सांगता येतंच नं!

कापण्याचं काम तिथं संपलं. पुढे क्ष + ३ चं लिमिट काढायचं. ते ३ वर कंटिन्यूअस आहे, म्हणजे तिथलं लिमिट आणि तिथली किंमत एकच, म्हणून ३ टाकला. टाकला तो नव्या फंक्शनमध्ये, जुन्यात नाही.

पेपरात 'क्ष → ३, म्हणून क्ष − ३ ≠ ०' ही ओळ लिहीच. आणि किंमत टाकेपर्यंत प्रत्येक पायरीत लिमिटचं चिन्ह ठेव.

महालचा_मास्तर
कॅल्क्युलेटरवर विसंबू नको रे बाबा. साइन(पाय/क्ष) घे (पाय म्हणजे π), क्ष → ०. ०.१, ०.०१, ०.००१ टाकलंस तर दर वेळी ०. आता २/५, २/९, २/१३ टाक, दर वेळी १. म्हणजे लिमिट नाहीच. तुझे आकडे सोयीचे पडले इतकंच.

दुसरा घोळ: (१ − कॉस क्ष)/क्ष² चं लिमिट १/२. पण क्ष = ०.००००००००१ टाकला की कॉस पूर्ण १ दिसतो आणि उत्तर ० येतं. फार जवळ गेलं की यंत्राचे अंकच संपतात. आणि साइन क्ष/क्ष ला १ ऐवजी ०.०१७४५ आलं तर कोनाचा मोड रेडियनऐवजी डिग्रीत आहे. तो आकडा पाय/१८०.

संत्रानगरी११
समजलं सर. एक अजून: क्ष < २ ला अ × क्ष + १, क्ष = २ ला ९, क्ष > २ ला क्ष² + ब. कंटिन्यूअस हवं, अ आणि ब काढायचे. डावं-उजवं सारखं धरलं तर २अ + १ = ४ + ब, पुढे अडतं.

बर्डीकर
अडणारच, समीकरण एक आणि अज्ञात दोन. मधला ९ कुठे गेला? डावं लिमिट, उजवं लिमिट आणि किंमत, तिन्ही सारखे हवेत. २अ + १ = ९, अ = ४. ४ + ब = ९, ब = ५.

संत्रानगरी११
मग |क्ष|/क्ष ला शून्यावर नीट किंमत दिली तर तेही कंटिन्यूअस होईल?

महालचा_मास्तर
नाही. डावीकडून −१, उजवीकडून १. काहीही दे, निदान एक बाजू तुटलेलीच राहते. तुझ्या पहिल्या गणिताला मात्र ३ वर ६ दिले की भोक बुजतं.