१७ नंबरचा फॉर्म भरायचा तर दाखला आधी शोधा

"जिद्द असली की वय आड येत नाही" असं मोठेपणी शिकू पाहणाऱ्यांना नेहमी सांगतात, ते मला अर्धंच पटतं. माझ्या नणंदेची शाळा सातवीनंतर सुटली. मुलं हाताशी आल्यावर तिने १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा बोर्डाचा अर्ज, भरून दहावीला बसायचं ठरवलं. जिद्द होतीच, घोडं अडलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. गावच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदावर दाखवेपर्यंत त्या वर्षीची मुदत टळून गेली. फार रडली तेव्हा.

पुढच्या वर्षी मात्र बसली. भाकऱ्या आटोपल्या की ओटा पुसून तिथेच कंपास घेऊन भूमितीच्या रचना काढायची, लेक शेजारी उभी राहून तपासायची. पास झाली, आणि गणितात ३५च्या बरीच वर! अशा बायका प्रत्येक घरात असतील म्हणून सांगते, पाचवी पास असलेल्यांनाही हा फॉर्म भरता येतो. पण फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षीच होते, त्यामुळे पुस्तकं आणण्याआधी दाखला हातात घ्या.