मदत हवी आहे : मेन्यूबारमध्ये बाकी कामांचा आकडा येत नाही

चहाबाज
डोकं फिरायची वेळ आलीय. मेन्यूबारसाठी एक्सबार टाकलंय (स्क्रिप्ट चालवून तिचं उत्तर वरच्या पट्टीत दाखवणारं अ‍ॅप). माझी छोटी स्क्रिप्ट आहे, बाकी कामांचा आकडा आणि शेजारी गिटहब (कोड ठेवायची साइट) चालू आहे का त्याचा ठिपका. ठिपका येतो, आकड्याच्या जागी रिकामं. तीच स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालवली की आकडा बरोबर येतो, आत्ता १४. दोन तास घालवले. दुसरं अ‍ॅप सांगितलंत तरी चालेल, पण फुकट हवं.

नाक्यावरचा
मशीन कुठलं? आकडा येतो कुठून, जिरासारख्या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधून की आणखी कुठून? स्क्रिप्टच दिली नाहीत तर आम्ही काय कुंडली मांडायची?

रात्रपाळी
एक्सबार सोडा, स्विफ्टबार घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि तुमची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालेल. मी कधीच बदललं.

पाटीपेन्सिल
नॉच! २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोवर आयकॉन जास्त झाले की नॉचमागे (कॅमेऱ्याच्या खाचेमागे) गडप होतात. कमांड दाबून धरा आणि आयकॉन उजवीकडे ओढा.

चहाबाज
अहो ठिपका दिसतोय म्हटलं ना. ठिपका आणि आकडा एकाच ओळीत आहेत. अर्धी ओळ कशी लपेल?

आबा_ऑनलाइन
आम्ही तीस वर्षं डायरीत कामं लिहिली. कधी रिकामी दिसली नाही.

रात्रपाळी
आबा, डायरी सर्व्हर पडल्याचं सांगत नाही.

आबा_ऑनलाइन
तुमचा ठिपका तरी कुठे सांगतो? तो ज्यावरून येतो ते गिटहबचं स्टेटस पान माणसंच बदलतात. आमच्या मुलाच्या ऑफिसात सगळं ठप्प झालं तरी पान बराच वेळ हिरवंगार होतं.

नाक्यावरचा
हे मात्र खरं. त्या पानाच्या जेसनमध्ये (स्क्रिप्टने वाचायच्या माहितीत) बिघाड नन, मायनर, मेजर की क्रिटिकल एवढंच मिळतं, तेही कुणीतरी नोंद केल्यावर. ज्या सेवेवर पोट आहे तिला स्वतः पिंग करून चालू आहे का बघा.

पेंग्विनराव
लिनक्सवर या. तिथल्या ग्नोम डेस्कटॉपवर आर्गोस एक्स्टेन्शन आहे, बिटबारच्या स्क्रिप्ट चालवतं. (बिटबार म्हणजे एक्सबारचं आधीचं नाव.)

रात्रपाळी
ज्या ग्नोमने ३.२६ मध्ये आयकॉनांचा ट्रेच काढून टाकला, तिथे या म्हणताय?

पेंग्विनराव
म्हणून तर एक्स्टेन्शन म्हटलं. नीट वाचा.

उंदीरमामा
विंडोज ११ वर असं काही मिळेल का? टास्कबारात आकडा दिसला पाहिजे, बाणामागे लपलेला नको.

चहाबाज
कामं टास्कवॉरिअरमध्ये आहेत (टर्मिनलमधली कामांची यादी), होमब्रूने टाकलंय, म्हणजे मॅकवर प्रोग्रॅम बसवायच्या साधनाने. मागच्या आठवड्यापर्यंत जुन्या मॅकवर हीच स्क्रिप्ट मस्त चालत होती.

नाक्यावरचा
जुन्या मॅकवर? म्हणजे मशीन बदललंत! हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं हो. जुना इंटेल, नवा एम मालिकेतला?

चहाबाज
हो. त्याने काय फरक पडतो?

नाक्यावरचा
तिथेच तर सगळं आहे. इंटेलवर होमब्रू यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये बसतं, एम चिपवर ओपीटी-होमब्रूमध्ये. टर्मिनलला नवी जागा ठाऊक आहे, कारण होमब्रू टाकताना ती सांगणारी ओळ शेलच्या (टर्मिनलच्या सेटिंगच्या) फाइलीत गेली. मेन्यूबारचं अ‍ॅप ती फाइल वाचत नाही. ठिपक्यासाठी नेटवरून माहिती आणणारं कर्ल मॅकओएसचंच, ते कुठूनही सापडतं. टास्कवॉरिअर सापडत नाही म्हणून आकडा गायब. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाथची (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ते सांगणारी) एक्स्पोर्ट ओळ आहे का? आणि एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकलताय का?

चहाबाज
दोन्ही आहे. ओळीत यूएसआर-लोकल-बिनच आहे. कुठूनतरी उचलली होती, बघितलीच नाही कधी.

नाक्यावरचा
तिथे ओपीटी-होमब्रू-बिन टाका आणि रिफ्रेश करा. एरर गिळणं बंद करा, नाहीतर पुढच्या वेळीही असेच दोन तास जातील. फाइलच्या नावात रिफ्रेशसाठी किती वेळ ठेवलाय?

चहाबाज
१० सेकंद. आला!! आकडा आला! १७. मघाशी १४ होते, मॅनेजरची कृपा.

नाक्यावरचा
१० सेकंदाला गिटहबला कशाला छळता? फाइलचं नाव बदलून ५ मिनिटं करा. आकड्याची स्क्रिप्ट वेगळी ठेवा, ती घरातली आहे, हवी तेवढ्या वेळा चालू द्या.

रात्रपाळी
तरी सांगतो, स्विफ्टबार.

पाटीपेन्सिल
माझ्या नॉचच्या उत्तरावर कुणी काही बोललं नाही.

उंदीरमामा
आणि माझं विंडोजचं?