अकराचे शेहेचाळीस झालो, आता जुनं वळण कसं टिकवायचं? (इंदूर)

सियागंजचा_मुनीम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

विजय नगरात आमची छोटी कंपनी आहे. सोया प्लांट आणि गोदामांसाठी स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. दीड वर्षापूर्वी ११ जण होतो, आज ४६. पैसा आला, गिऱ्हाईक आलं, तक्रार करायला तोंड नाही. पण हल्ली ऑफिसात शिरलं की आपलंच घर कुणीतरी भाड्याने घेतलंय असं वाटतं.

पूर्वी शनिवारी सकाळी कोपऱ्यावरून पोहे यायचे, वर शेव आणि जीरावन मसाला, आणि उभ्याउभ्याच आठवड्याचा हिशोब व्हायचा. कुणाचं काय अडलंय ते दहा मिनिटांत कळायचं. पोहे अजून येतात. पण आता दोन घोळके पडतात, जुन्यांचा पँट्रीच्या दाराशी आणि नव्यांचा खिडकीपाशी.

एवढंच असतं तर धागा काढला नसता. मागच्या महिन्यात सपोर्टच्या नव्या मुलाला दिसलं की एका गिऱ्हाइकाच्या गोदामातला पोत्यांचा आकडा चुकतोय. परत आलेला माल दोनदा जमा होत होता. त्याने टीम लीडला सांगितलं. लीड म्हणाला, महिनाअखेर होऊन जाऊ दे, मग बघू. नऊ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या मुनीमाने पोती मोजली आणि थेट मला फोन लावला. आम्ही ११ होतो तेव्हा असं काही दिसलं की तासाभरात आम्हीच फोन करायचो, शिव्या खायचो आणि मोकळे व्हायचो.

आमची आजी याला घराचं वळण म्हणायची, आता कल्चर म्हणतात. ते टिकवायचं कसं? भिंतीवर मूल्यांची पाटी लावावी, सगळ्यांना दोन दिवस मांडूला सहलीला न्यावं, एचआरचा माणूस घ्यावा, असे तीन विचार चाललेत. यातून गेलेल्यांनी सांगा.

छप्पन_भोगी

पाटी नका लावू भिया. आमच्या आधीच्या कंपनीत काचेच्या केबिनवर 'पारदर्शकता' लिहिलं होतं. पगारवाढीची बोलणी त्याच काचेमागे, पडदा ओढून व्हायची.

जुना_कोडर

आधी साधं गणित. ११ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ५५. ४६ माणसांत १०३५. माणसं चौपट झाली, जोड्या जवळजवळ एकोणीसपट. पोह्यांच्या प्लेटीभोवती ५५ जोड्या मावतात, १०३५ नाही मावत. जे आजवर कानावर पडून पोचत होतं ते आता लिहून पोचवायला लागणार, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पण लिहायचं काय? 'प्रामाणिकपणा' लिहू नका. एन्रॉन आठवतेय ना, ती अमेरिकन वीज कंपनी, आपली दाभोळवाली? तिच्या जाहीर मूल्यांत सचोटी होती, आणि २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. नेटफ्लिक्सने २००९ मध्ये आपल्या कल्चरच्या ज्या शंभरावर स्लाइड बाहेर टाकल्या, त्यात सुरुवातीलाच हे उदाहरण आहे. पुढे म्हटलंय की कंपनीची खरी मूल्यं कोणती हे बक्षीस कुणाला, बढती कुणाला आणि नारळ कुणाला यावरून कळतं. बाकीच्या स्लाइड मला फारशा पटत नाहीत, ही पटते.

तुम्ही असं लिहा: चूक दिसल्यापासून दोन तासांत गिऱ्हाइकाला फोन. ज्याला दिसली त्याने करायचा. लीडला कळवायचं, परवानगी मागायची नाही.

आणि एक विचारतो, राग नसावा. त्या लीडचं काय केलंत?

सियागंजचा_मुनीम

काही नाही. बोलायचं म्हणून तीनदा ठरवलं. आमची तीन सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं त्याने आणलीत.

जुना_कोडर

मग नियम लिहून झालाय की. मोठं गिऱ्हाईक आणलं की चूक झाकायला मुभा. त्या सपोर्टच्या मुलानेच नाही, बाकी सगळ्यांनीही वाचलाय.

पलासियाची_सून

मी फाउंडर नाही, दुसऱ्या बाजूची आहे. अशाच एका कंपनीत विसावी की एकविसावी लागले होते. तिन्ही फाउंडर इंदूरचे मराठी, एकाच शाळेतले. मीटिंग हिंदीत सुरू व्हायची आणि मुद्द्यावर आली की तिघं मराठीत शिरायचे. मनात काही नसायचं, सवय. माझ्या शेजारी पाटण्याचा एक मुलगा बसायचा. विनोद झाला की तोही सगळ्यांबरोबर हसायचा, पण एक क्षण उशिरा. मला मराठी कळत होतं, त्यामुळे हे दिसायला मला वर्ष लागलं. तोवर त्याने राजीनामा दिला होता.

दादा, तुमचे पोह्यांचे दोन घोळके खरंच जुने आणि नवे असेच आहेत का, एकदा बघा.

त्या कंपनीत एकच गोष्ट चांगली होती. कोडर असो वा अकाउंटंट, नव्या माणसाचा पहिला आठवडा सपोर्टच्या फोनवर जायचा. गोदामातल्या माणसाचा वैतागलेला आवाज एकदा ऐकला की कुणाला भाषण द्यावं लागत नाही. एचआर घ्या, पण वळण लावायचं काम तिच्या गळ्यात टाकून स्वतः मोकळे होऊ नका.

सियागंजचा_मुनीम

ताई, आज शनिवार होता. मुद्दाम उभं राहून पाहिलं. दाराशी १३ जण, त्यातले ५ गेल्या सहा महिन्यांतले. सगळे मराठी. आमच्या पहिल्या अकरांतला खंडव्याचा मुलगा खिडकीपाशी होता. कधीपासून तिथे उभा राहतो, मला माहीत नाही.

मालवा_मिल_चौक

अनंत चतुर्दशी जवळ आलीय म्हणून सुचलं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी विसर्जनाच्या मिरवणुकीत तिची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, अजून निघते. मजूर आणि त्यांची पोरं चंदा जमवून, रात्री जागून बांधतात. सेठ नाही, भोंगा नाही, पगार नाही. का टिकली? कारण बांधायचं काम पहिल्यापासून मजुरांच्या हातात होतं. तुमचे पोहे कोण मागवतं?

सियागंजचा_मुनीम

मीच.

छप्पन_भोगी

झांकीची उपमा झकास आहे, पण काका, झांकी टिकली आणि मिल बुडाली. यांना मिल पण चालवायचीय.

मालवा_मिल_चौक

हे मात्र खरं.

कायदे_की_बात

विषय थोडा वेगळा, पण ४६ आकडा वाचून राहवलं नाही. १० माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष आतलीच वरिष्ठ बाई, एक सदस्य बाहेरचा, किमान निम्म्या बायका. २० झाले की पीएफ. ५० ला पाळणाघर. वळणाची काळजी करताना हे राहतं, आणि नव्या मुलीला पाटीपेक्षा ती समिती आधी दिसते.

सियागंजचा_मुनीम

पीएफ आहे. समिती कागदावर आहे, दोघींपैकी एक नोकरी सोडून गेलीय. या आठवड्यात नीट करतो. जुन्या लोकांना ईसॉप (कंपनीचे शेअर ठरल्या भावात घ्यायचा हक्क) द्यावेत असंही डोक्यात होतं, म्हणजे ते बांधलेले राहतील.

कायदे_की_बात

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी?

सियागंजचा_मुनीम

एलएलपी.

कायदे_की_बात

मग शेअरच नाहीत, ईसॉप कशाचे देणार? आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. त्यानंतरही दिल्यापासून हक्क लागू व्हायला किमान एक वर्ष जावं लागतं. सीएला विचारा. आणि बांधून ठेवायला म्हणून देऊ नका, माणसाला ते कळतं.

सियागंजचा_मुनीम

सगळ्यांचे आभार. आत्तापुरतं ठरलेलं लिहितो. पाटी रद्द. दोन तासांचा नियम लिहिला, आणि खाली २०२१ मधली माझीच चूक लिहिली: एका प्लांटचं बिल दुप्पट गेलं होतं आणि मी संध्याकाळपर्यंत फोन टाळला होता. जुन्यांनाही ही माहीत नव्हती. सपोर्टच्या त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचं बरोबर होतं. तो खूश होण्यापेक्षा घाबरलाच जास्त. पोहे पुढच्या शनिवारपासून खंडव्याचा गडी मागवेल. तो म्हणतोय पोहे नको, कचोरी.

लीडशी सोमवारी बसतोय. गेला तर तीनातली दोन गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जातील. माझा भागीदार अजून तयार नाही, काल रात्री त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. झालं की कळवतो.

मांडू पण रद्द.

छप्पन_भोगी

ऐन पावसाळ्यात मांडू रद्द करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.