हृता दुर्गुळे आणि नाटकाचा टप्पा

'मालिकेतली लोकप्रियता अभिनेत्री हृता दुर्गुळेला थेट सिनेमात घेऊन आली' असं काहीजण म्हणतात. मला यात मधला एक टप्पा सुटल्यासारखा वाटतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'दुर्वा' आणि 'फुलपाखरू' या मालिकांमुळे ती घराघरात पोचली हे खरंच. पण त्यानंतर तिने 'दादा, एक गुड न्यूज आहे' हे नाटक केलं, समोर उमेश कामत. मालिकेत क्लोजअप असतो, नुसते डोळे भरून आले तरी भागतं. रंगमंचावर तेच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, तेही रिटेकशिवाय, आणि प्रेक्षक हसले की तेवढा वेळ थांबून पुढचं वाक्य घ्यायचं. मालिकेची सवय लागलेल्या नटासाठी ही फार मोठी तालीम असते.

२०२२ च्या जुलैमध्ये 'अनन्या' आणि 'टाइमपास ३' हे तिचे सिनेमे आठवड्याच्या अंतराने आले. त्यातला 'अनन्या' मुळात नाटक. अपघातात दोन्ही हात गमावलेल्या मुलीची ही भूमिका रंगभूमीवर ऋतुजा बागवेने गाजवली होती. हातांचा आधार न घेता अख्खा प्रयोग करायचा, बापरे! त्यामुळे हृतावर तुलनेचं ओझं पहिल्याच सिनेमात होतं. कॅमेऱ्याला कटची सोय असते, पण हात नसताना खांदे आणि मान बोलायला हवेत, ते तिने मनापासून केलंय.

'मन उडू उडू झालं' या मालिकेतली तिची दीपूसुद्धा मला आधीच्या भूमिकांपेक्षा जास्त शांत, ठहराव असलेली वाटली. तिने आता पुन्हा नाटक करावं असं फार वाटतं.