परिहार : शिलालेखातला आणि बोलण्यातला

प्रश्न : श्रीलंकेत कँडीला बुद्धाच्या दंतधातूची, म्हणजे दाताच्या अवशेषाची, मोठी मिरवणूक निघते, तिला ‘पेरहॅर’ म्हणतात. हा शब्द मूळचा ‘परिहार’ आहे असं तिथे ऐकलं. आपण शंकेचा परिहार करतो, काम संपलं की श्रमपरिहाराला बसतो. यात मिरवणूक कुठून आली?

– शब्द तोच आहे. पालीत ‘परिहार’ म्हणजे राखण, काळजी, मान. मानाने भोवती चालणारा लवाजमा, आणि त्यावरून मिरवणूक. पण सिंहली भाषेत त्याचा आणखी एक जुना अर्थ सापडतो, तो मला जास्त मोलाचा वाटतो. नवव्या-दहाव्या शतकांत तिथल्या राजांनी गावं आणि विहारांच्या जमिनी करातून, वेठीतून मोकळ्या केल्या आणि तसे दगडी खांब गावात रोवले. त्यांना ‘अत्ताणि कणु’ म्हणतात. कणु म्हणजे खांब. त्या खांबांवर दिलेली सूट म्हणजे ‘परिहार’. अमुक अधिकाऱ्याने या गावात शिरायचं नाही, तमक्याने शिरायचं नाही, अशी यादीच असते आणि ‘नो वद्ना’, म्हणजे ‘शिरू नये’, हे शब्द येतात. गावकऱ्याला राजाचं दान कळायचं ते असं : दारात कोण येणार नाही, यावरून.

– आता नाशिकला या. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा अठराव्या राज्यवर्षातला प्राकृत लेख आहे. भिक्षूंना २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत दिलंय आणि पुढे सवलती : ‘अपावेस’, कोणी शिरू नये; ‘अलोणखादक’, मिठासाठी खणू नये; शेवटी ‘सवजातपारिहारिक’, सर्व प्रकारचे परिहार असलेलं. ‘अपावेस’ आणि ‘नो वद्ना’ शेजारी ठेवून वाचा. मधे कित्येक शतकं आणि समुद्र आहे, पण राजाची भाषा एकच.

– श्रीलंकेतल्या त्या खांबांवर चंद्र-सूर्य असतात, शिवाय कावळा आणि कुत्रा. दान मोडणारा त्या योनीत जाईल, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या गधेगाळीवरही (दान मोडणाऱ्याला शिवी देणारा कोरीव दगड) वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं चित्र. शिवी वेगळी, धाक तोच.

– एक भर. श्रीलंकेतल्या पोलोन्नरुवचा राजा निश्शंकमल्ल (११८७–११९६) आपल्या लेखात सांगतो की ताडपत्रावरचं दान उंदीर-वाळवी खातात, ते पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखं. म्हणून ते तांब्याच्या पत्र्यावर कोरावं. आपली ‘काळ्या दगडावरची रेघ’ याच्या अगदी उलट टोकाची.

प्रश्न : मग ‘श्रमपरिहारा’त तो जुना अर्थ उरलाय का?

– उरलाय. परि + हृ, दूर सारणं. तिथे कराचा बोजा दूर सारला, इथे थकवा. शंकेच्या परिहारातही तेच.