संगणकावर नीट चालणारे मायक्रोग्रिडचे प्रारूप रिअल-टाइम सिम्युलेटरवर ट्रिप का होते?

प्रश्न (वारणाकाठ):
नमस्कार. एका डोंगराळ पाड्यासाठी १० केव्हीएच्या तीन-फेज सौर मायक्रोग्रिडचे (स्थानिक, स्वतंत्र वीजजाळ्याचे) प्रारूप आम्ही प्रयोगशाळेत तयार केले आहे. त्यात बॅटरी, ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (जाळ्याचे व्होल्टेज व वारंवारता स्वतः ठरवणारा), घरांचा लोड आणि ३ एचपीची पिठाची गिरणी आहे. संगणकावर सर्व सुरळीत चालते. मात्र तेच प्रारूप ५० मायक्रोसेकंदांच्या टाइम-स्टेपने (गणिताच्या दोन पावलांतील वेळ) रिअल-टाइम सिम्युलेटरवर (खऱ्या घड्याळाच्या वेगाने प्रारूप चालवणारे यंत्र) चढवून खरा कंट्रोलर जोडला, की गिरणी बंद असतानाही प्रवाह थरथरू लागतो आणि इन्व्हर्टर ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. इन्व्हर्टरमधील स्विचची उघडझाप (स्विचिंग) १० किलोहर्ट्झने होते. दोष कंट्रोलरचा समजावा का?

उत्तर (धनऋण):
कंट्रोलरला हात लावण्यापूर्वी टाइम-स्टेप तपासा. ५० हर्ट्झचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असल्याने त्यात आपल्याला ४०० बिंदू मिळतात, आणि तारा व लोड यांच्यासाठी ते भरपूर आहेत. स्विचिंगचे आवर्तन मात्र अवघे १०० मायक्रोसेकंदांचे, म्हणजे त्यात बिंदू दोनच. कंट्रोलरने ३७ मायक्रोसेकंदांचा पल्स दिला, तरी सिम्युलेटर तो कधी ५० चा धरणार, तर कधी त्याला तो दिसणारच नाही. थरथर बहुधा तिथूनच येते. संगणकावरचा सॉल्व्हर वेळ थांबवून, पाऊल लहान करून स्विचिंगचा नेमका क्षण शोधू शकतो. रिअल-टाइममध्ये घड्याळ कोणासाठी थांबत नाही. इन्व्हर्टरचा भाग एफपीजीएवर (अतिवेगाने समांतर गणित करणारी, हवी तशी जुळवता येणारी चिप) १ मायक्रोसेकंदाने चालवा आणि उरलेले जाळे ५० वरच राहू द्या. केवळ बॅटरीचे ऊर्जा-नियोजन तपासायचे असेल, तर स्विचिंग वगळून फक्त सरासरी व्होल्टेज-प्रवाह दाखवणारे सरासरी प्रारूपही पुरेल.

वारणाकाठ:
आपण सुचवल्याप्रमाणे बदल केला आणि थरथर थांबली, मनःपूर्वक आभार. आता गिरणी सुरू करताच व्होल्टेज कोसळते आणि तिचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकीय स्विच) सुटतो.

उत्तर (सूक्ष्मजाल):
ही अडचण सिम्युलेटरची नसून खरोखरीची आहे, आणि ती पाड्यावर जाण्याआधी दिसली हे फार चांगले झाले. ४१५ व्होल्टवर १० केव्हीएचा पूर्ण प्रवाह सुमारे १४ अँपिअर होतो. इन्व्हर्टरची क्षणिक मर्यादा दीडपट धरली, तरी २१. ३ एचपीची मोटर चालताना साधारण साडेचार अँपिअर घेते, पण थेट सुरू केल्यास सहापट, म्हणजे २७ च्या आसपास. स्टार-डेल्टा स्टार्टरने (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) हा प्रवाह एक-तृतीयांश होईल, परंतु टॉर्कही (फिरवण्याचा जोरही) तितकाच घटेल, म्हणून धान्य सोडण्यापूर्वीच गिरणी सुरू करावी लागेल. दळणाच्या गर्दीत ही शिस्त टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मी व्हीएफडी (वारंवारता हळूहळू वाढवत मोटर सुरू करणारे उपकरण) सुचवेन. त्याचीही चाचणी संध्याकाळचा घरगुती लोड चालू ठेवून आणि बॅटरी उतरलेली असताना घ्या.

पुढे खरी मोटर पॉवर ॲम्प्लिफायरला जोडून पॉवर-हार्डवेअर-इन-द-लूप चाचणी (सिम्युलेटरमधील जाळ्याला खरे यंत्र जोडून घेतलेली चाचणी) करणार असाल, तर एक काळजी घ्या. आदर्श-ट्रान्सफॉर्मर पद्धतीत (सिम्युलेटरचे व्होल्टेज ॲम्प्लिफायर मोटरला देतो आणि मोटरचा मोजलेला प्रवाह सिम्युलेटरला परत जातो) सिम्युलेटरमधील स्रोताचा इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) खऱ्या लोडच्या इम्पीडन्सपेक्षा कमी असावा लागतो, नाहीतर ॲम्प्लिफायरच्या विलंबामुळे दोलने वाढत जातात. थेट सुरू होताना मोटरचा इम्पीडन्स सुमारे एक-षष्ठांशावर उतरतो, त्यामुळे स्थिर चालणारी जोडणी नेमकी त्या क्षणी हाताबाहेर जाऊ शकते. पहिल्या दिवशी ॲम्प्लिफायरची प्रवाहमर्यादा खाली ठेवा, मोटरऐवजी रोधाचा लोड जोडा, आणि आपत्कालीन बटणापाशी एक जण केवळ त्याच कामासाठी उभा करा.